सतरा तासांचं विरजण

६ जानेवारी, सोमवार

कॉलेजातल्या आमच्या मॅडम म्हणाल्या होत्या, संशोधकाने रोज लिहावं, निदान ज्या दिवशी काही घडेल त्या दिवशी तरी. आज घडलं. फेब्रुवारीत परळला कॉलेजांचा संशोधन मेळावा आहे आणि यंदाची अट अशी की जोडीत एक जण विज्ञानाचा आणि एक समाजशास्त्राचा हवा. पहिल्या येणाऱ्या जोडीला उन्हाळ्यात सहा आठवडे परळच्याच एका प्रयोगशाळेत काम करायला मिळणार. खरं काम. पांढरा कोट, गळ्यात आपल्या नावाचं कार्ड, आणि असं सूक्ष्मदर्शक की ज्याची भिंगं जागेवर आहेत.

मी सूक्ष्मजीवशास्त्र, दुसरं वर्ष. मला जोडीला मिळाला समाजशास्त्राचा राजरत्न. लालबागला राहतो, कमी बोलतो, सगळं वहीत लिहितो. मी पंधरा मिनिटं बोलले, त्याने दोन पानं लिहिली. मला आवडला. म्हणजे संशोधक म्हणून.

विषय माझाच: विरजण. आमच्या फणसवाडीच्या चाळीत दूध जो तो आपापलं घेतो, पण विरजण संपलं की वाटी घेऊन शेजारी जातो. म्हणजे दह्यातले जंतू या खोलीतून त्या खोलीत फिरत असणार. ते कसे फिरतात ते मी बघायचं, वाटी कोण कोणाकडे नेतं ते राजरत्नने विचारायचं. ऐकून मॅडमनी चष्मा काढला. त्या चष्मा सहसा काढत नाहीत.

घरी सांगितलं तर बाबा पेपरातून डोकं न काढता "छान" म्हणाले. तेवढ्यात दिनेशमामाचा फोन. त्याचं हिंदमाताला साड्यांचं दुकान आहे. काउंटरवरची मुलगी लग्न होऊन चाललीय, तर अनुजाला परीक्षा संपली की तीन महिन्यांसाठी पाठव, फक्त लग्नसराईपुरतं. आईने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "आधी तिचा तो मेळावा होऊ दे, दादा. नंबर नाही आला तर बघू."

म्हणजे माझं आयुष्य आता दोन टोकांत आलंय. एका टोकाला परळ, दुसऱ्या टोकाला हिंदमाता. चालत दहा मिनिटांचं अंतर.

१२ जानेवारी, रविवार

दुसरा आणि तिसरा मजला मिळून अठरा खोल्या घ्यायचं ठरलं. राजरत्न आला, आणि अख्ख्या गॅलरीला एकाच वेळी कपडे वाळत घालायची आठवण झाली. अक्षतावहिनींनी (खोली अकरा) तर कोरडे कपडे परत वाळत घातले.

सगळ्यांत पहिली मुलाखत मालनकाकूंची (खोली चौदा). काकूंचं दही म्हणजे चमचा उभा राहतो. काकू मूळच्या मालवणकडच्या, बोलणं अजून तिकडचंच. राजरत्नने विचारलं, विरजण कोणाकोणाला देता, तर म्हणाल्या, "मागीत येता तेका देतंय. फक्त दिवेलागणीनंतर नाय. दिवो लागलो की दही दुसऱ्याच्या घरात देऊचा नाय." तो नियम आमच्याकडे सगळेच पाळतात. राजरत्नने त्याखाली दोन रेघा ओढल्या.

आमच्या खोलीबद्दल (खोली नऊ) मीच त्याला सांगून टाकलं, नाहीतर दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगितलं असतं. आई आणि मालनकाकू सहा वर्षं बोलत नाहीत. चाळीच्या सत्यनारायणाला आईने कढी केली होती आणि काकू पंगतीत म्हणाल्या होत्या, "ह्या दह्याची कढी केली काय नि पाणी तापवला काय, एकच." सगळ्या बायका हसल्या. तेव्हापासून आई डेअरीच्या पिशवीतल्या दह्याने विरजते, आणि तिचं दही पातळ होतं, तार सुटते. मी शास्त्रज्ञ आहे, जे आहे ते लिहिणार.

संध्याकाळी जिन्यातल्या फळ्यावर मी सूचना लिहिली: "रविवार, १९ जानेवारी, सकाळी आठ वाजता प्रत्येक खोलीतील दह्याची वैज्ञानिक तपासणी होणार आहे. वाटीभर घरचे दही तयार ठेवावे." राजरत्न म्हणाला, न सांगता गेलो तर बरं नाही का. मी म्हटलं, आमच्या चाळीत पाहुणा न सांगता येत नाही, आणि विज्ञानाने तर मुळीच येऊ नये. त्याने ते लिहून घेतलं. माझी वाक्यं लिहून घेणारा पहिलाच माणूस.

१५ जानेवारी, बुधवार

चाळीत विज्ञानाची लाट आली आहे. नळावर, जिन्यात, हळदीकुंकवाला, जिथे जाईन तिथे बायका मलाच विचारतात. मार्क देणार का? नावं लावणार का? मी म्हटलं, मार्क नाही, पण तक्ता होईल, खोली क्रमांकासकट, आणि तो परळला सगळ्यांसमोर लागेल. अक्षतावहिनींनी शेजारणीकडे बघितलं, शेजारणीने अक्षतावहिनींकडे. इतकी उत्सुकता मी कॉलेजातसुद्धा पाहिलेली नाही.

आईने एकच विचारलं: "पातळ असलं तर पातळ असंच लिहिणार?" मी म्हटलं, अर्थात.

१८ जानेवारी, शनिवार

दिवसभर कॉलेजात. मॅडमबरोबर छत्तीस तबकड्या तयार केल्या. त्यांत थोडं थोडं दही पसरलं की प्रत्येक जंतूची वस्ती वेगळी उगवते, ठिपक्यांसारखी. हात भाजला. फार मजा आली.

घरी यायला सात वाजले. जिन्यात दूधवाला म्हणाला, चौदा नंबरने आज चार लिटर घेतलं. काकूंकडे पाहुणे असणार. शिवाय संक्रांतीपासून हळदीकुंकू चालूच आहे, त्यामुळे त्यांच्या दारात आज म्हणे दुपारभर ये-जा होती.

ही खबर मला दिली जयवंतकाकांनी (खोली तीन). काका छापखान्यातून निवृत्त, एकटे राहतात, त्यांच्या दारातून चौकापलीकडचं चौदाचं दार बरोब्बर दिसतं. राजरत्न दुपारभर त्यांची मुलाखत घेत बसला होता. मी आले तेव्हा तो निघतच होता. मला जिन्यात गाठून म्हणाला, "अनुजा, मला तुला एक सांगायचंय. कसं सांगू कळत नाहीये."

त्याचे कान लाल, वही छातीशी धरलेली, नजर पायरीवर. मला हे ओळखता येतं. मी म्हटलं, "आत्ता नको. मेळावा होईपर्यंत आपण फक्त संशोधक." तो "पण ते..." म्हणाला आणि मी तीन पायऱ्या एकदम गाळून वर पळाले. बिचारा.

१९ जानेवारी, रविवार

आजचा दिवस सोन्याने मढवावा असा. आठ वाजता सुरुवात केली तर अठरा दारं उघडी, अठरा वाट्या तयार. स्टीलच्या झाकणाखाली, एकीकडे तर क्रोशाच्या रुमालाखाली. दही कसं, तर एकेक वाटी उलटी केली तरी पडणार नाही. मला वाटलं नव्हतं आमच्या चाळीत इतकं चांगलं दही लागतं. बाहेरून आपण माणसांना किती कमी लेखतो.

फक्त जयवंतकाकांचं बिनसलेलं. वरती पाणी, खाली चोथा. काका म्हणाले, "घरचं म्हणालीस ना? माझ्या घरचं हे असंच असतं. मिरचीचं देठ टाकून लावलंय." मी सहानुभूतीने वाटी घेतली.

आणि आईचं दही. आईचं. सुरी घालावी तर कापलं जाईल असं. मी चमचा हातात घेऊन बघतच राहिले. आई ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "थंडी कमी झाली ना, म्हणून." खरंच आहे, तापमानाचा परिणाम होतोच. नोंद केली.

अठरा वाट्या फ्रीजमध्ये. आमची भाजी आज शेजारी राहायला गेलीय.

२४ जानेवारी, शुक्रवार

अक्षर वाईट येणार, घाईत लिहितेय.

तबकड्यांवर नेहमीचे पांढरे ठिपके आले, ते येणारच होते. पण त्यांच्यामध्ये गुलाबी ठिपके. छोटे, गोल, चकचकीत, बडीशेपेच्या गोळ्यांसारखे. मॅडम म्हणाल्या, हे एक प्रकारचं यीस्ट, दह्यात असं सहसा दिसत नाही. आणि ते एका खोलीत नाही, दोन खोल्यांत नाही, अठरापैकी सतरा खोल्यांत. जयवंतकाका सोडून सगळीकडे.

याचा अर्थ एकच. या सगळ्या चाळीचं विरजण एकाच विरजणातून आलेलं आहे. एक आदिविरजण. कुणीतरी बाई गिरणीत लागलेल्या नवऱ्यामागून कोकणातून आली असेल, बोटीतून, दह्यात भिजवून वाळवलेलं फडकं कमरेला खोचून. त्या फडक्यातून पहिलं दही, मग शेजारणीला, मग तिच्या सुनेला. शंभर वर्षं. मी प्रयोगशाळेतच उड्या मारल्या. एक काचनळी फुटली.

आणखी एक. दह्याच्या आंबटपणाचं माप काढलं, तर खोली अकरा आणि चौदाचा आकडा दशांशापर्यंत तंतोतंत सारखा. माझा हात इतका अचूक असेल हे मलाही माहीत नव्हतं.

राजरत्नला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. प्रेमात माणसाला दुसरं काही सुचत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार, रथसप्तमी

मॅडमनी अट घातली होती की परत एकदा, न सांगता, दोन-तीन खोल्यांतून दही घ्या. शनिवारी घेतलं. दोन, अकरा आणि सोळा. आज तबकड्या बघितल्या, तिन्हींत गुलाबी. सिद्ध झालं. मॅडमसुद्धा आता शंका काढत नाहीत.

भलंमोठं पोस्टर छापून आलं. मथळा: "गिरगावातील शतायुषी विरजण". खाली चाळीचा नकाशा आणि सतरा गुलाबी ठिपके. मी ते पोस्टर घरी दोनदा उलगडून बघितलं. आई हात पुसून आली, खोली नऊवरच्या ठिपक्याकडे बघितलं आणि "चांगलं झालंय" म्हणून आत गेली. तिचं दही त्या दिवसापासून रोज उत्तम लागतंय. कमाल म्हणजे ती पिशवीचं दही आणतच नाही आता.

राजरत्नने आज परत प्रयत्न केला. चर्नी रोडच्या पुलावर थांबून म्हणाला, "अनुजा, आता सांगितलं नाही तर फार उशीर होईल." मी त्याला शेंगदाणे घेऊन दिले आणि विषय बदलला. मन मोडायचं तर निदान मेळाव्यानंतर मोडावं, एवढी माणुसकी माझ्यात आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

त्याने आज मला कॉलेजच्या कँटीनमध्ये बसवलं, वही उघडून पुढे ठेवली आणि म्हणाला, "वाच." मला वाटलं, कविता असणार. मी म्हटलं, "राजरत्न, तू फार चांगला मुलगा आहेस, पण..."

"पण काय? वाच ना."

वहीत असं होतं. शनिवार, १८ जानेवारी. जयवंतकाकांच्या दारातून दिसलेलं. दुपारी दोन पाच, खोली अकरा, वाटी घेऊन चौदात, भरलेली वाटी घेऊन बाहेर. दोन वीस, खोली दोन, तेच. दोन पस्तीस, खोली सोळा, पदराखाली वाटी. तीनच्या सुमाराला चार जणी. असं संध्याकाळपर्यंत. सगळ्या वाट्या एकंदर सोळा.

मी ते तीनदा वाचलं. सोळा खोल्यांनी माझ्या तपासणीसाठी मालनकाकूंकडून विरजण आणून त्या दिवशी आपलं दूध लावलं होतं. माझ्यासमोर आणि परळच्या लोकांसमोर आपल्या खोलीचं नाक कापलं जाऊ नये म्हणून. सतरा म्हणजे त्या सोळा आणि काकूंची स्वतःची. कोकणातली बाई नाही, बोट नाही, फडकं नाही. माझं शंभर वर्षांचं विरजण सतरा तासांचं होतं. आणि मी परत घेतलेल्या तीन खोल्यांत गुलाबी आलं, कारण इतकं चांगलं दही लागल्यावर कोण ते टाकून जुन्यावर जाईल?

"तू हेच सांगत होतास? जिन्यात? पुलावर?"

"हो. तुला काय वाटलं?"

मी म्हटलं, काही नाही. उरलेल्या जन्मात मी हे कोणाला सांगणार नाही, ही वही सोडून.

मग माझं लक्ष शेवटच्या ओळीकडे गेलं. सहाला दहा कमी. खोली नऊ.

११ फेब्रुवारी, मंगळवार

स्पष्टच लिहिते. काल संध्याकाळपासून मी एकच विचार करतेय. ठिपके खरे आहेत. तबकड्या खऱ्या आहेत. पोस्टर छापलेलं आहे. कॉलेजात हे फक्त आम्हा दोघांना माहीत आहे, आणि राजरत्न म्हणाला, "पहिलं नाव तुझं आहे, तू ठरव." गप्प बसले तर परळ. बोलले तर हिंदमाता, तीन महिने, "ताई, यात पोपटी दाखवा ना."

आणि बोलायचं तर सगळंच सांगावं लागेल. सोळा बाण काढावे लागतील चौदाच्या दिशेने. त्यातला एक आमच्या दारातून निघतो. सहा वर्षं जी बाई त्या दारासमोरून मान वळवून गेली, तिचा बाण मी काढायचा, सगळ्यांसमोर.

जेवले नाही. दही वाढलं होतं, उत्तम होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आईला विचारलं. ती पालेभाजी निवडत होती. मी सरळच म्हटलं, "आई, तू १८ तारखेला मालनकाकूंकडे गेली होतीस?"

ती एक जुडी पूर्ण निवडून झाल्यावर बोलली. "गेले होते."

"का?"

"तुझ्या तक्त्यात आपल्या खोलीपुढे पातळ लिहिलं गेलं असतं. शास्त्रज्ञ मुलगी, आणि आईला साधं दही लावता येत नाही. तुलाच लोक हसले असते."

"काय बोललात दोघी?"

"काही नाही. मी वाटी पुढे केली, त्यांनी त्यात विरजण घातलं. मी आले." मग देठं बाजूला सारत म्हणाली, "गेले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. तोवर धीर होत नव्हता."

मी तिला सगळं सांगितलं. परळ, हिंदमाता, पोस्टर, बाण. मला वाटलं ती म्हणेल, नको सांगू. मला थोडं हवंही होतं तिने तसं म्हणावं.

"खरं काय घडलं तेच सांगायचं असतं ना तुमच्यात?" तिने विचारलं.

"हो."

"मग माझा बाण पण काढ."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. मेथीची पानं केसांत अडकली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळपासून क्रमाने लिहिते, कारण असा दिवस मला परत मिळणार नाही.

काल मी आणि राजरत्न दारोदार जाऊन सगळ्यांना सांगून आलो होतो की आम्हाला कळलंय, आम्ही ते मांडणार आहोत, ज्या खोलीला नको असेल तिचा क्रमांक गाळू. अक्षतावहिनी आधी लाजल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. कोणीही क्रमांक गाळायला सांगितला नाही. उलट दोन जणींनी आपल्या वेळा दुरुस्त करून दिल्या. जयवंतकाका म्हणाले, "म्हणजे आख्ख्या चाळीत पास झालो तो मीच."

आज निघताना प्रत्येक दारात कोणी ना कोणी दही-साखर घेऊन उभं. सोळा चमचे मी खाल्ले. चव सगळीकडे सारखीच होती, हे आता शास्त्रीयदृष्ट्या अपेक्षित होतं.

छापलेल्या पोस्टरवर आम्ही कोरा कागद चिकटवला आणि हाताने नवा मथळा लिहिला: "विचारायला गेल्यामुळे पसरलेले विरजण". खाली तेच गुलाबी ठिपके आणि सोळा बाण, वेळेसकट. राजरत्नने बाजूला दुसरा तक्ता काढला: कोणाचं कोणाशी येणंजाणं आहे, कोणाचं नाही.

आमची पाळी बारा वाजता. परीक्षक तिघे. प्रेक्षकांत मॅडम, दिनेशमामा (दुकानातून चालत आला होता), आणि मागच्या दोन रांगांत आमची चाळ, डबे घेऊन. आई डाव्या टोकाला. मालनकाकू उजव्या टोकाला.

मी म्हटलं, आम्ही शोधायला गेलो एक आणि आमच्या फळ्यावरच्या सूचनेनेच दुसरं घडवलं. माझा पहिला निष्कर्ष चुकीचा होता. "चुकीचा" हा शब्द एकदा तोंडातून गेल्यावर पुढचं सोपं झालं, आणि मी जरा जास्तच रंगात आले. बोटीतल्या बाईचंही सांगून टाकलं. परीक्षक हसले. मी आणखी सांगितलं.

मग त्यांच्यातल्या चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, "खोली नऊ आणि चौदा यांचं येणंजाणं नाही असं हा तक्ता म्हणतो. मग सहाला दहा कमी असताना हा बाण कसा?"

मी राजरत्नकडे बघितलं. तो वहीकडे बघत होता. आईने परवानगी बाणाची दिली होती, गोष्टीची नाही.

तेव्हा मागून मालनकाकू उठल्या. "मी सांगू काय? चौदा माझीच." परीक्षक हो म्हणायच्या आत त्या पुढे आल्या होत्या. "ही नऊवाली इली तेव्हा पंधरा जणींक देऊन माझा भांडा रिकामा झाला होता. तळाक चार चमचे होते, माझ्या दुसऱ्या दिवसाच्या विरजणाचे. ते तिका दिलंय."

"मग तुमचं स्वतःचं दही?"

"माझ्या दुधात घालूक काय उरला? सकाळी सहाक उठून अकरातून वाटीभर आणलंय, तीच ह्या पोरीक दिली. ता तुमच्या कागदावर नाय. एक बाण उलटो पण काढा, चौदातून अकरात."

अकरा आणि चौदा. दशांशापर्यंत सारखे. आणि मी माझ्या हाताचं कौतुक करत होते.

परीक्षक बाईंनी स्वतःच्या खिशातलं पेन मला दिलं. मी सतरावा बाण काढला. तेवढ्यात मागच्या रांगेतून आईचा आवाज आला. सहा वर्षांनी ती मालनकाकूंशी बोलत होती, एवढ्या लोकांसमोर. म्हणाली, "दूध किती कोमट ठेवता तुम्ही?"

काकू वळल्या. "बोट घालून धा आकडे मोजूचे. चटको बसता नये. घराक ये गो, दाखवतंय."

निकाल पाच वाजता. पहिला नंबर दादरच्या फुलबाजारातल्या निर्माल्यावर काम केलेल्या जोडीचा, त्यांचं काम खरोखर चांगलं होतं. आम्ही तिसरे. परळ गेलं. मॅडम म्हणाल्या, "उन्हाळाभर मी कॉलेजची प्रयोगशाळा उघडी ठेवते. दुसऱ्या चाळी घ्या, पहिल्यापासून नीट करा. यात खूप काही आहे." मी हो म्हटलं आणि मग मला आठवलं की उन्हाळाभर मी हिंदमाताला आहे.

मामा घरी आला होता आमच्याबरोबर. चहा पिताना म्हणाला, "चला, तिसरा नंबर म्हणजे छानच. आता परीक्षा झाली की ये ग. तीन महिने तर आहेत."

आई बशी पुसत होती. म्हणाली, "तिला वेळ नाही, दादा. तिचं काम अर्धं राहिलंय."

"अगं, तीन महिन्यांनी करेल की. काम कुठे पळून चाललंय?"

"मी पण तीन महिन्यांसाठीच बसले होते," आई म्हणाली.

मला काही कळलं नाही. मामाला कळलं. त्याने कप खाली ठेवला. मग आईनेच मला सांगितलं, त्याच आवाजात, बशी पुसता पुसता. बारावीला तिला विज्ञानात चांगले मार्क होते. कॉलेजचा अर्ज भरलेला होता. त्या वर्षी दुकान नवीन होतं, माणूस मिळत नव्हता, म्हणून आजोबांनी तिला काउंटरवर बसवलं, फक्त लग्नसराईपुरतं. ती तिथे पाच वर्षं होती, स्वतःचं लग्न होईपर्यंत. वीस वर्षं मी या खोलीत राहतेय आणि मला हे माहीत नव्हतं. मी चाळीतल्या प्रत्येक वाटीची चौकशी केली होती.

"मला दुकानातलं सगळं येतं," आई मामाला म्हणाली. "हिची परीक्षा झाली की मी येते. साडेनऊला उघडतोस ना अजून?"

मामा हो म्हणाला. मग त्यानेच आणखी चहा मागितला.

२८ एप्रिल, सोमवार

आई आज सकाळी नऊला डबा घेऊन गेली. जाताना मालनकाकूंच्या दारात थांबली, दोघी काहीतरी बोलल्या, मला ऐकू आलं नाही.

मी आणि राजरत्न ठाकूरद्वारच्या एका चाळीत गेलो. फळ्यावर सूचना नाही, काही नाही. पहिल्याच दारात एक बाई, हात पिठाचे. मी म्हटलं, घरातलं दोन चमचे दही हवंय, अभ्यासासाठी. त्या एकदम ओशाळल्या. म्हणाल्या, "आज नको ग. आज फार पातळ लागलंय. उद्या ये, छान लावून ठेवते."

मी म्हटलं, "आजचंच द्या, काकू."